खुर्चीवर पिशवी

शाळेत बाई आल्या की हेडमास्तर आधी खुर्ची मागवत. खुर्ची येई, फडक्यानं पुसली जाई. बाई तिच्यावर आपली खाकी पिशवी ठेवत आणि स्वतः वर्गाच्या मागं, दाराजवळ, झाडू उभा करून ठेवतात त्या कोपऱ्यात खाली बसत.

“अहो बाई, वर बसा की.”

“राहू द्या सर. मला इथून दिसतं.”

हे मी दोन-तीनदा खिडकीबाहेर उभा राहून पाहिलेलं आहे. खुर्चीवर पिशवी पाहुण्यासारखी बसलेली आणि पाहुणी जमिनीवर. हेडमास्तरांना कुठं बघावं ते कळत नसे. मग ते पिशवीकडं बघून बोलत.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस आलं असेल, जे आपल्याकडं काही मागत नाही आणि तरी त्याच्यासमोर आपल्याला नीट बसता येत नाही. बाई तशा होत्या.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. मी वसमतला राहत होतो आणि बैलांच्या बाजारात दलाली करत होतो. कुरुंदा, हट्टा, शिरड शहापूर, जिथं बाजार तिथं मी. सुरुवात दुसऱ्याची विकलेली गुरं पायी हाकत नेण्यापासून केली. पुढं स्वतःचा छकडा झाला, लाल कंधारी बैलांची जोडी झाली. कुणी दिलं नाही, मी मिळवलं. हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगतो असं घरची म्हणते. म्हणू दे.

बाई शहरातून आल्या आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहिल्या. शहराचं नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. वय अठ्ठावीस-तीस. आमच्यातल्याच, बौद्ध. समाजशास्त्रात डॉक्टर व्हायचं म्हणून संशोधन करत होत्या. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना त्यातलं ‘डॉक्टर’ एवढंच कळलं आणि पहिल्याच आठवड्यात दोघं-तिघं खोकला घेऊन दारात आले.

“मी तसली डॉक्टर नाही, आजोबा.”

“मंग कशाची?”

“शाळेची.”

“काहून? शाळेला काय झालं?”

“तेच बघायला आलेय.”

त्यांचा विषय तो होता. शाळेत जात कशी वागते. कायद्यानं जी गेली, ती वर्गात कुठं बसते, कोण तिला उठवतं, कोण जागा करून देतं.

एका संध्याकाळी त्या माझ्याकडं आल्या. “मामा, तुम्ही ज्या गावांच्या बाजाराला जाता, त्या आजूबाजूच्या शाळा मला बघायच्या आहेत. छकड्यात जागा असली तर येऊ का? भाडं देईन.”

मी भाडं सांगितलं. बाई म्हणाल्या, “बरं.”

माझं डोकं फिरलं. “बरं काय बरं? मी दुप्पट सांगितलं तुमाला! पहिल्याच बोलीला हो म्हनून राहिल्या. घासाघीस करायची असती, बाई.”

“मला येत नाही मामा.”

“मंग जगात निभंल कसं तुमचं?”

“बघू,” त्या म्हणाल्या. आणि हसल्या. बाईंचं हसू दमलेल्या माणसाचं होतं, चेहऱ्यावर येऊन खाली बसणारं.

मला तेव्हाच एक सुचलं. मी म्हणालो, “भाडं ऱ्हाऊ द्या. मला दुसरं पाहिजे. तुमच्या पुस्तकात माझ्या मास्तराचं नाव पाहिजे. गावासकट, छापून.”

“काय केलं होतं त्यांनी?”

मी सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

निजामाच्या काळात मी तिसरीत होतो. वर्ग मारुतीच्या देवळाजवळच्या एका खोलीत भरे. सगळी पोरं आत, मी उंबऱ्याच्या बाहेर, पोत्याच्या तुकड्यावर. मास्तर माझी पाटी हातात घेत नसत. मी ती उंबऱ्यावर ठेवायची आणि त्यांनी लांबून, काठीच्या टोकानं, चूक की बरोबर ते दाखवायचं. एकदा त्यांनी भागाकाराचं अवघड गणित घातलं. आतल्या सगळ्यांचं चुकलं. माझं बरोबर आलं. मास्तरांनी काठी माझ्या पाटीवर टेकवली आणि विचारलं, “कुणाचं बघून केलंस रे?”

आता तुम्हीच सांगा. मी उंबऱ्याबाहेर. समोर पोरांच्या पाठी. आतल्या कुणाची पाटी मला दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी ती चुकलेली होती. मी कुणाचं बघणार? मी तसं बोललो. तर काठी पाटीवरून उठली आणि माझ्या पाठीवर आली. मी पाटी तिथंच टाकली आणि निघालो तो पुन्हा गेलो नाही. लिहिणं-वाचणं मोठेपणी शिकलो, वस्तीतल्या वर्गात, कंदिलावर. पण तो भागाकार माझ्या डोक्यातून गेला नाही. मार मी अनेकांचा खाल्लाय. तो मी विसरलो. ‘कुणाचं बघून’ हे विसरलो नाही.

बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “हे सगळं येईल मामा. नाव येणार नाही. तुमचंही नाही आणि त्यांचंही नाही. आमच्या कामात तसा नियम आहे.”

“मंग छकडा न्हाई.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बैल जुंपत होतो तर बाई पिशवी खांद्याला लावून पायी निघालेल्या. घरची दारात उभी. “पोरगी कोसभर चालत जाऊन राहिली अन् तुमी बैलं जुंपून हटून बसा.” गावाबाहेर ओढ्याजवळ मी त्यांना गाठलं आणि काही न बोलता छकडा थांबवला. त्याही काही न बोलता बसल्या. सौदा झाला नाही आणि तुटलाही नाही. पुढं दीड वर्ष तो तसाच लोंबकळत राहिला. मी दर चार दिवसांनी म्हणायचो, “नाव?” त्या म्हणायच्या, “नाही.”

शाळांची गावं मी लिहीत नाही, पण एक सांगतो, हेडमास्तर सगळे एकाच साच्यातले होते. बाईंनी कशासाठी आलोय ते सांगितलं की प्रत्येक जण तेच म्हणे, “आमच्या शाळेत तसलं काही नाही बघा.” संध्याकाळी बाजार उरकून मी शाळेच्या वाटेवर छकडा उभा करायचो. बाई धुळीनं पांढऱ्या होऊन यायच्या, वर चढायच्या, पाय लांब करायच्या.

“काय बाई, आज?”

“तसलं काही नाही, मामा.”

ते ऐकलं की मी बैलांना हाक द्यायचो. पुढं पुढं आमचा तो रामरामच झाला. घरचीही भाकरी वाढताना विचारायची, “का ग पोरी, आज बी तसलं काही न्हाई का?”

दुधाची एक गंमत होती. बाई दिसायला नीटनेटक्या, बोलणं शहरी. हेडमास्तर चहा ठेवायला सांगत. मग हळूच विचारत, “आडनाव काय म्हणालात?” बाई आडनाव सांगत. थोड्या वेळानं शिपाई येऊन सांगे की दूध नासलं. त्या वर्षी आमच्या तालुक्यात फार दूध नासलं. मी बाईंना म्हणालो, “बाई, तुमचं आडनाव लिंबासारखं हाय.” त्या दिवशी त्या खळखळून हसल्या. तसं मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

एका गावच्या हेडमास्तरांनी तर मेहनत घेतली. बाई येणार हे त्यांना आधी कळलं होतं. त्यांनी सकाळीच सगळी लेकरं सरमिसळ करून बसवली, पाटलाच्या पोराशेजारी आमचं पोरगं, त्याच्या शेजारी वाण्याचं. बाई मागं बसल्या. हेडमास्तर पिशवीकडं बघून म्हणाले, “बघा, आमच्याकडं सगळी लेकरं सारखी.” वर्ग छान चालला. मग मधली सुट्टी झाली. घंटा वाजली, लेकरं पाणी पिऊन, खेळून परत आली आणि आपापल्या रोजच्या जागी जाऊन बसली. पाटलाचं पोरगं पुढं. आमची तिघं दाराजवळ, बाईंच्या शेजारी. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. कोंबड्या जशा आपल्या खुराड्यात शिरतात तसं.

“हेडमास्तर काय म्हनले मंग?” मी विचारलं.

“घाम पुसत होते. वाईट माणूस नव्हता हो तो. त्यालाही वाटलं होतं, बसवलं की झालं.” बाई बराच वेळ बैलांच्या शिंगांकडं बघत राहिल्या. “माझ्या शेजारी एक मुलगी येऊन बसली. मला म्हणाली, तुमीबी इथल्याच का?”

“तुमी काय म्हनल्या?”

“हो म्हणाले.”

मी एकदा विचारलं होतं, तुमच्या शाळेत तुम्ही कुठं बसत होता. त्या म्हणाल्या, “दाराजवळ. तिथून सगळं दिसायचं. फळा सोडून.” याहून जास्त त्या स्वतःबद्दल बोलल्या नाहीत.

माझ्या धंद्याचं मात्र त्यांना फार नवल. बैलांचा सौदा उघड होत नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. दलाल आणि मालक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट धरलं की एक, सगळी मूठ धरली की पाच. तोंडानं दोघंही पावसापाण्याचं बोलत राहतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना कळत नाही.

“उघड का नाही बोलत?” बाईंनी विचारलं.

“उघड बोललेला भाव मेला, बाई. एकाचा भाव दुसऱ्याला कळला की तिसरा खरं बोलत न्हाई. मंग बाजारच बसतो.”

बाईंनी मान हलवली. मग मी, सहज बोलावं तसं बोललो, “अन् दुसरी गंमत सांगू? रुमालाखाली सगळे शिवतात. पाटील शिवतो, देशमुख शिवतो. भाव ठरेस्तोवर हात घट्ट धरून ठेवतात. रुमाल काढला की पानी वरून वाढतात.”

छकडा वस्तीत आला तेव्हा बाई म्हणाल्या, “मामा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“त्यात काय सांगायचं? रोजचंच हाय.”

दर दोन-तीन महिन्यांनी बाई लिहिलेलं घेऊन शहरात आपल्या मार्गदर्शकांकडं जात. परत येत तेव्हा अंगातलं रक्त कुणी काढून घेतल्यासारख्या. “पुन्हा करा म्हणाले. तुमचं स्वतःचं त्यात येतंय म्हणाले.” घरची त्यांच्या पायांना तेल चोळी. मी विचारलं, “मंजे काय? दुखनं ज्याचं हाय त्यानं लिहायचं न्हाई?” बाई डोळे मिटून म्हणाल्या, “लिहायचं मामा. पण दुसऱ्याचं असल्यासारखं लिहायचं.” आणि थोड्या वेळानं, “दमले हो.” दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पिशवी खांद्याला.

मग हट्ट्याच्या बाजाराचा तो दिवस आला. सणाची सुट्टी होती, शाळा बंद होत्या. बाई बाजार बघायला म्हणून आल्या आणि छकड्यातच बसून राहिल्या. उन्हं चढली होती. एका म्हाताऱ्याचा बैल दाखवायला मला बोलावलं. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. काठी मी आधी ओळखली, माणूस मागनं.

मास्तर. माझे मास्तर.

त्यांनी मला ओळखलं नाही. मी बैलाचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलली. मग हात पुढं केला. मास्तर क्षणभर थांबले. बाजारात दलालाची जात सगळ्यांना ठाऊक असते. पण बैल विकायचा होता. त्यांनी हात दिला. मी रुमाल टाकला.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात माझ्या हातात होता. मऊ हात. खडू धरणाऱ्याचा. त्यांनी बोटं दाबून भाव सांगितला. मी उलट काही दाबलं नाही. हात तसाच धरून ठेवला.

“मास्तर, वळखलं का?”

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “कोण रे?”

“तिसरीतला. उंबऱ्याभायेरचा. भागाकारवाला.”

हात मागं ओढला गेला. मी सोडला नाही. “सांगा ना मास्तर. भायेर बसून मी कुनाचं बघितलं?”

“अरे, सोड की.”

“कुनाचं बघून केलं म्या? नाव सांगा त्याचं.”

भोवतीच्या लोकांना रुमालाखालचं काही दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, भावावरून ताणाताणी चाललीय. कुणीतरी ओरडलं, “मास्तर, हटू नका! चढवा अजून!” दुसरा म्हणाला, “दलाल बी कडक हाय बरं.” लोक हसत होते, पैज लावत होते. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. ते अगदी हळू म्हणाले, “आपल्या शाळेत तसलं काही नव्हतं रे.”

हात माझ्या हातात असताना म्हणाले. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हाताची पकड मात्र आवळत गेली.

बाजारभर कुणालाही कळलं नव्हतं. छकड्यातून एकट्या बाईंना दिसलं. त्या उतरून माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. “मामा, हात सोडा.”

मी सोडला. बैलाचा भाव बराबर दिला, एक पैसा पाडला नाही. धंद्यात मी राग कालवत नाही. मास्तर बैलाचं दावं माझ्याकडं देताना पुन्हा लांबूनच टाकू लागले, आणि मध्येच थांबून हातात दिलं. लोक म्हणाले, मस्त सौदा झाला.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “बघितलं न्हवं? ‘तसलं काही न्हवतं’ म्हनला मला. आता तरी नाव लिहा.”

दुसऱ्या दिवशी बाई मास्तरांच्या गावी गेल्या, पायी. सबंध दुपार त्यांच्या घरी बसल्या. मला हे दुसऱ्याकडून कळलं तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सगळी वस्ती ऐकत होती, असा माझा आवाज होता.

“त्याच्या घरी गेल्या? माझा छकडा, माझी बैलं, माझ्या घरची भाकर, अन् तुमी त्याच्या ओसरीवर?”

“मला त्यांचंही पाहिजे होतं, मामा.”

“काय म्हनला तो?”

“ते सांगता येणार नाही.”

“काहून? मला सांगता येत न्हाई? ज्याच्या पाठीवर काठी बसली त्याला?”

“तुमचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं तुम्हाला सांगणार नाही.” बाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण आवाज हलला नाही. “उघड बोललेला भाव मेला, असं तुम्हीच सांगितलंत ना? उद्या मी एकाचं नाव लिहिलं तर परवा मला कोण वर्गात बसू देईल? मग ती दाराजवळची लेकरं कोण बघणार?”

मी आयुष्यभर भाव केले. समोरच्याचा डाव त्याच्या बोटांवरून ओळखला. माझ्याच धंद्याची रीत कुणी माझ्यावर अशी उलटवली नव्हती, आणि तीही पहिल्या बोलीला ‘बरं’ म्हणणाऱ्या बाईनं. त्याचाच जास्त राग आला. महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. बाजाराच्या दिवशी छकडा मात्र त्यांच्या दारापुढं थांबायचा. बैलांना सवय लागली होती, असं मी घरचीला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचं काम संपलं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या पक्क्या लिहिलेल्या कागदांतला एक कागद घेऊन आल्या आणि मला वाचून दाखवला. सगळं होतं. पोतं, उंबरा, काठीचं टोक, भागाकार. ‘कुणाचं बघून केलंस’ हेही होतं. मी सांगितलं होतं त्याहून साध्या शब्दांत, आणि जास्त लागेल असं. फक्त माझ्या जागी ‘एक बैलांचे व्यापारी’ होते. मास्तरांच्या जागी ‘एक शिक्षक’. गावाच्या जागी ‘मराठवाड्यातील एक गाव’.

“मंजे यात मी न्हाईच,” मी म्हणालो.

“आहात.”

“हा कुनीबी असंल, बाई. हा कुनाचाबी मास्तर असंल.”

“हो,” बाई म्हणाल्या. “कुणीही असेल. तेच तर आहे, मामा.”

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि खाली हात घालून माझी सगळी मूठ धरली. घट्ट. मी म्हणालो, “हे पाच झाले. पाच काय?”

“मला भाव करता येत नाही,” बाई म्हणाल्या.

सकाळच्या एसटीनं त्या गेल्या. घरचीनं दिलेल्या भाकऱ्या पिशवीत कोंबल्या होत्या, पिशवी मांडीवर, खिडकीजवळची जागा. एसटीत तरी खुर्चीवर बसल्या म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दमलेल्या होत्या, डोळे आधीच मिटले होते.

मग वर्षं गेली. बाईंचा काही पत्ता लागला नाही. कुणी म्हणे दूरच्या कॉलेजात लागल्या, कुणी म्हणे नोकरीच लागली नाही. मास्तर वारले. त्या दिवशी मी त्यांच्या गावावरून जात होतो, छकडा थांबवला नाही. बैलांचा बाजार कमी झाला, ट्रॅक्टर आले, मीही थकलो.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाईंच्या त्या शहरात जावं लागलं तेव्हा, पट्टी निघाल्यावर, मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. म्हटलं, एकदा ते पुस्तक हातात घेऊन बघू. टेबलामागं एक तरुण कारकून होता. भला माणूस.

“संशोधकाचं नाव सांगा, बाबा.”

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. आडनाव ठाऊक होतं, पण ते आमच्या अर्ध्या वस्तीचं आहे. नाव? घरची त्यांना पोरी म्हणायची. मी बाई म्हणायचो. दीड वर्ष ‘नाव लिहा, नाव लिहा’ म्हणून मी त्या बाईशी भांडलो, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

“बाई,” मी म्हणालो.

कारकून हसला. “बरं, विषय?”

“शाळेत लेकरं कुठं बसत्यात ते.”

त्यानं बरीच कार्डं चाळली. एक कप्पा, दुसरा कप्पा. मग मान हलवली. “तसलं काही नाही दिसत, बाबा, आमच्याकडं.”

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की वाचत बसलेल्या पोरांनी माना वर केल्या. कारकून बिचारा घाबरला. त्यानं एक खुर्ची ओढून पुढं केली. “बसा, बसा. मोठ्या साहेबांना विचारून येतो. आत जुनी कपाटं आहेत.”

मास्तरांचं नाव मी या लिखाणात कुठंही घातलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.

मी खांद्यावरचा रुमाल काढून खुर्चीवर ठेवला आणि दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसलो.

“अहो बाबा, वर बसा की.”

“ऱ्हाऊ दे. मला इथून दिसतं.”

समोर कपाटांची लांब रांग होती. त्यातल्या कुठल्यातरी एका कपाटात मी बसलेलो होतो, उंबऱ्याच्या बाहेर, पाटी मांडीवर घेऊन. गणित बराबर होतं.